शिकवायलाही शिकावं लागतं

लेकीकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हाची गोष्ट. नात नुकतीच विद्यापीठात जायला लागली होती. "काय शिकतेस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "पियानो शिकवायला शिकतेय, आजी."

मला हसूच आलं. वाजवता आलं की शिकवता येतं. त्याला चार वर्षांची पदवी कशाला? मी संगीत विशारद. पस्तीस वर्षं घरी पेटीचा क्लास घेते. मला कुणी शिकवायला शिकवलं होतं?

"मग एकदा चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

तिची पदवी 'बॅचलर ऑफ म्युझिक', विषय पियानोचं अध्यापन. म्हणून वाजवण्यात सूट मिळते असं नाही हं! प्रवेशालाच वाजवून दाखवावं लागतं आणि शेवटी स्वतःची मैफल करावी लागते. शिवाय संगीताचा इतिहास, स्वरज्ञान, मुलं कशी शिकतात याचा अभ्यास. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खऱ्याखुऱ्या मुलांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शिकवायचं. या क्षेत्रात फ्रान्सिस क्लार्क या बाईंचं नाव आदरानं घेतात. १९६० साली त्यांनी लुईस गॉस यांच्याबरोबर न्यू जर्सीत शाळा काढली. तिथं मुलं पियानो शिकत आणि शिक्षक शिकवायला शिकत.

नातीच्या तासाला सहा वर्षांची मुलगी आली. पाय लोंबकळत होते, तर आधी पायाखाली स्टूल. मग काळ्या पट्ट्या दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी ओळखायच्या. स्वरलिपीचं नावही नाही. पाच काळ्या पट्ट्यांवरची छोटी धून ऐकली आणि मी चमकले. अगंबाई, हा तर आपला भूप! काळी तीनचा सा धरला की सगळा भूप काळ्या पट्ट्यांवरच येतो. इतकी वर्षं पेटी वाजवून मुलांना तिथून सुरुवात करून द्यावी, हे मला सुचलं नव्हतं.

पोरगी एकाच जागी तीनदा चुकली. माझा हात शिवशिवला. मी असते तर बोटांवर टिचकी मारून "पुन्हा" म्हटलं असतं. नातीनं फक्त दोनच स्वर वाजवायला सांगितले आणि बोटांकडे बघत राहिली. करंगळीशेजारचं बोट उचलतच नव्हतं. कानाला सगळं कळत होतं, बोटच ऐकत नव्हतं.

रात्री ती आपल्या तासाचं चित्रीकरण बघत बसली. "बघ आजी, इथं मीच जास्त बोलले."

मला झोप लागेना. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा. आरोहात अंगठा बोटांखालून काढायची वेळ आली की अडखळायचा. महिना झाला, दोन झाले. शेवटी त्याच्यासमोरच त्याच्या आईला म्हटलं, "याच्या हातात सूर नाही, पैसे घालवू नका." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याचा अंगठा मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

तो आता गावातच औषधांचं दुकान चालवतो. परत आल्यावर गोळ्या घ्यायला गेले आणि सांगून टाकलं, "चूक तुझी नव्हती रे, माझी होती." सुटे पैसे मोजता मोजता तो हसला. म्हणाला, "बाई, मला अजून सारेगम येतं."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणी घरी गाणं, पेटी, शिवण, चित्रकला शिकवतात! आपल्याला कुणी परवाना विचारत नाही. अमेरिकेतही घरी पियानो शिकवायला परवाना लागत नाही. तरी माझी नात चार वर्षं घासतेय. म्हणून सांगते, मूल अडलं की "पुन्हा" म्हणण्याआधी जरा त्याच्या बोटांकडे बघा.

मी आता नव्या मुलांना पहिल्या दिवशी काळ्या पट्ट्यांवर भूप देते. आणि हो, पेटीसमोर पायाखाली ठेवायला नाही, पण मांडीखाली घ्यायला एक जाड उशी आणलीय.