पाठिंबा जाहीर करावा तर असा : रीगन, १९६४

अमेरिकी राजकारणाची आवड असेल तर हे भाषण चुकवू नका. २७ ऑक्टोबर १९६४. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे पुराणमतवादी उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी अभिनेते रोनाल्ड रीगन टीव्हीवर जवळपास अर्धा तास बोलले. आपण बहुतेक आयुष्य डेमोक्रॅट होतो, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग वाढते कर, सरकारी कर्ज, वॉशिंग्टनमध्ये एकवटणारी सत्ता.

मला सगळ्यात भिडतो तो उमेदवाराच्या माणूसपणाचा भाग. कोरियन युद्धाचा काळ. नाताळच्या सुट्टीत घरी निघालेले जवान लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अडकलेले, विमानात जागाच नाही. इतक्यात घोषणा होते, ॲरिझोनाला जाणाऱ्यांनी अमुक धावपट्टीवर यावं. तिथे गोल्डवॉटर स्वतःचं विमान घेऊन हजर! नाताळपर्यंत त्यांच्या अशा खेपा चालू होत्या, असं रीगन सांगतात. नुसत्या घोषणांपेक्षा हे कितीतरी वजनदार.

गोल्डवॉटर यांनी त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं, ते मला अजिबात पटत नाही. निवडणुकीत ते सपाटून हरले, जेमतेम ६ राज्यं मिळाली. रीगन मात्र १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदी निवडून आले आणि १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी. विचार पटोत न पटोत, भाषण पूर्ण ऐका.