प्लगिनकर्ता आणि तक्रारीचें पत्र

शिवणयंत्र एकच असतें. परंतु त्याला एक पाय लावला कीं तें कापडाची कड दुमडून शिवूं लागतें, दुसरा लावला कीं काजें करूं लागतें. संकेतस्थळांच्या जगांत प्लगिन म्हणून जी वस्तु आहे, ती याच जातीची होय. मूळ यंत्रणा एकानें केलेली. तिला विक्रीचा हिशेब, चौकशीचा अर्ज, चित्रांची मांडणी अशी एखादी सोय जोडणारा लहानसा प्रोग्रॅम मात्र भलत्याच कोणी लिहिलेला. वर्डप्रेस ही अशी मूळ यंत्रणा मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं २००३ सालीं सुरू केली, आणि २००४ सालच्या १.२ या आवृत्तीपासून तिला प्लगिनें जोडतां येऊं लागलीं. आज जगांतील दर पांच संकेतस्थळांपैकीं सुमारें दोन तिच्यावर चालतात, आणि तिच्या सार्वजनिक भांडारांत ५०,००० हून अधिक प्लगिनें विनामूल्य ठेविलेलीं आहेत.

प्रोग्रॅम लिहून भांडारांत ठेविला कीं आपलें काम संपलें, अशी नवख्या कर्त्याची समजूत असते. मग पत्रें येऊं लागतात. 'चालत नाहीं.' 'काल चालत होतें, आज बंद पडलें.' लिहिणारा एखादा मिठाईवाला असतो. सणाच्या तोंडावर त्याच्या मागण्या येणें थांबलेलें असतें. त्याच्या त्या दोन शब्दांमागें त्याची आठवड्याची कमाई असते. वाचणारा पुष्कळदां दिवसा दुसरीकडे नोकरी करून रात्रीं हें पत्र उघडणारा एकटा मनुष्य असतो. दोघांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नसतें.

'पुटी' या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनीं १९९९ सालीं दोष कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. आपण काय केलें, काय होईल असें वाटलें आणि प्रत्यक्ष काय दिसलें हें जसेंच्या तसें सांगावें; तर्क सांगावयाचा तर तो निराळा सांगावा, असें त्याचें सार आहे. उपदेश उत्तम, पण ज्यांनीं तो वाचावा ते वाचीत नाहींत. म्हणून ही माहिती प्रश्न विचारून काढून घेण्याचें काम कर्त्याकडेच येतें. रोगी येऊन 'माझें यकृत बिघडलें' असें सांगतो, तेव्हां शहाणा वैद्य त्याच्या निदानावर विसंबत नाहीं; पण त्याला दुखत आहे यावर तो पूर्ण विश्वास ठेवितो.

समजा, पुण्याच्या एका मासिकाच्या संपादकानें लिहिलें, 'तुमचें प्लगिन आमच्या लेखांचीं शीर्षकें अर्ध्यावर तोडतें.' कर्ता जर्मनींत. तो इंग्रजी शीर्षक घालून पाहतो, तों सर्व सुरळीत! 'माझ्याकडे तर चालतें,' असें त्यानें लिहिलें तर तें खोटें नव्हे. पण इतकें निरुपयोगी उत्तर दुसरें नाहीं. त्याऐवजीं तुटलेलें शीर्षकच जसेंच्या तसें पाठवा, असें त्यानें म्हटलें, तर उलगडा होतो. तुटतो तो शीर्षकाचा मजकूर नव्हेच, तर त्यावरून आपोआप बनणारा लेखाचा पत्ता. तो साठवितांना देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटांची होते, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचें चिन्ह व पुढें दोन अंक-अक्षरें असा लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला नऊ जागा. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्ताचें चिन्ह या खुणाही स्वतंत्र मोजल्या जातात. 'महाराष्ट्र' या एकाच शब्दाच्या १० खुणा, म्हणजे ९० जागा होतात. आणि वर्डप्रेसमध्यें पत्त्याला जागा आहेत अवघ्या २००. इंग्रजी शीर्षकाला ही भिंत सहसा लागतच नाहीं. मराठी शीर्षक तीन-चार शब्दांतच तिच्यावर आपटतें.

येथें दोष प्लगिनाचा नाहीं, मूळ यंत्रणेच्या मर्यादेचा आहे. तरीही 'हें माझें काम नव्हे' एवढ्यावर थांबणें बरें नव्हे. पत्ता हातानें आंखूड लिहावा, एवढें एक वाक्य त्यानें आपल्या सूचनापत्रकांत घातलें, तर हिंदी, तामिळ आणि थाई लिहिणाऱ्यांचीही सोय होते. कारण त्यांच्या अक्षरांची गतही हीच आहे. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं न लिहितां प्लगिन काढूनही टाकलें असेल. पत्र लिहिणारा हा न लिहिणाऱ्यांचा वकील असतो.

दोष शोधण्याची जुनी रीत म्हणजे सगळीं प्लगिनें बंद करून एकेक सुरू करीत जाणें. चालत्या दुकानांत हें करणें म्हणजे गिऱ्हाइकांच्या देखत खांब काढून पाहणें. आतां 'हेल्थ चेक' नांवाचें एक प्लगिन आहे. त्याच्या योगानें हीं बंद केलेलीं प्लगिनें केवळ व्यवस्थापकाला बंद दिसतात, बाहेरच्यांना कांहीं फरक जाणवत नाहीं. २०१९ सालच्या ५.२ या आवृत्तीपासून तर संकेतस्थळ कोसळल्यास कोणत्या प्लगिनामुळें कोसळलें, हें यंत्रणाच व्यवस्थापकाला पत्रानें कळविते. कितीही सोईचें वाटलें तरी वापरणाऱ्याचा परवलीचा शब्द मात्र मागूं नये. वर्डप्रेसच्या सार्वजनिक साहाय्यस्थानीं त्याला स्पष्ट मनाई आहे.

कांहीं पत्रें रागाचीं असतात. त्यांत पहिलें वाक्य शिवीचें आणि तिसऱ्यांत माहिती, असा क्रम पुष्कळदां आढळतो. तिसऱ्या वाक्याला उत्तर द्यावें. तें उत्तर सर्वांना दिसेल असें राहतें. पुढें तीच अडचण आलेला शंभरावा मनुष्य तेंच वाचतो.

'एवढें एक बटण घाला' अशा मागण्यांचा प्रकार निराळा. दोन स्थितींचीं दहा बटणें झालीं कीं त्यांच्या १,०२४ जुळण्या होतात, आणि त्यांतली प्रत्येक कोणाच्या तरी दुकानांत चालूं असूं शकते. म्हणून जाणता कर्ता बटण न घालतां प्रोग्रॅममध्यें एक खुंटी ठेवून देतो; ज्याला हवें त्यानें आपला बदल तीवर टांगावा. नाहीं म्हणावयाचें असेल, तर तें त्याच दिवशीं म्हणावें. 'पाहूं' या शब्दावर लोक वर्षभर वाट पाहतात.

चूक आपलीच निघाली तर काय? २०१८ च्या मार्चमध्यें 'योस्ट' या विख्यात प्लगिनाची ७.० ही आवृत्ति निघाली, आणि तींतील दोषामुळें अनेक संकेतस्थळांवर एका निवडीची किल्ली आपोआप उलट फिरली. प्रत्येक चित्राचें स्वतंत्र पान शोधयंत्रांत चढूं लागलें. संस्थापक योस्ट द फाल्क यांनीं उघड क्षमा मागून काय घडलें तें सविस्तर सांगितलें, आणि चढलेलीं पानें उतरविण्याकरितां पुढें एक निराळें प्लगिनच काढलें.

कायद्यानें पाहिलें तर विनामूल्य प्लगिनाचा कर्ता कोणाचें कांहीं लागत नाहीं. परवान्यांतच कसलीही हमी नसल्याचें लिहिलेलें असतें. थकला तर त्यानें थांबावें. दुसऱ्यानें पुढें चालवावें अशी खूण प्लगिनावर लावण्याची सोय भांडारांत आहे. पण तें कोणाच्या हातीं पडतें, हें पाहिलें पाहिजे. 'डिस्प्ले विजेट्स' हें सुमारें २,००,००० संकेतस्थळांवर असलेलें प्लगिन २०१७ सालीं विकलें गेलें, आणि नव्या मालकाच्या आवृत्तींतून परका जाहिराती मजकूर त्या स्थळांवर घुसविण्याची वाट उघडली. तो मजकूर केवळ बाहेरून येणाऱ्याला दिसे. व्यवस्थापक आंत शिरून पाही, तेव्हां त्याच्याकडे सर्व ठीक! जूनमध्यें एका वापरणाऱ्यानें नव्या मालकाच्या पहिल्याच आवृत्तीविषयीं तक्रार केली. प्लगिन भांडारांतून काढलें गेलें, परत आलें, पुन्हा काढलें गेलें, पुन्हा परत आलें. तें कायमचें बंद झालें तेव्हां सप्टेंबर उजाडला होता.