बिदडीची हायरायडर: हायब्रिड घ्यावी की इलेक्ट्रिक?

बेंगळुरूजवळच्या बिदडीत टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. २०२२ मध्ये बाजारात आलेली अर्बन क्रूझर हायरायडर इथेच तयार होते.

तिचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल मला फार आवडतं. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, जोडीला मोटर. बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, त्यामुळे प्लग लावायची भानगडच नाही. ब्रेक दाबला, उतार लागला की ती आपोआप भरते. बेंगळुरूतल्या सिल्क बोर्ड चौकाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते तेव्हा इंजिन बरेचदा बंदच असतं. बॅटरी उतरली की मात्र ते सुरू होतं, आणि तीन सिलिंडरची घरघर जाणवते. कंपनीचा मायलेजचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटर. बॅटरीमुळे डिकी लहान होते, हे खटकतं.

टोयोटाची इलेक्ट्रिक अर्बन क्रूझर ही सुझुकीच्या ई-विटाराची बहीण. बॅटरी ४९ किंवा ६१ युनिटची, म्हणजे चार्जर हवाच.

सोसायटीत स्वतःचा चार्जिंग पॉइंट मिळत असेल तर इलेक्ट्रिक, नसेल तर हायब्रिड. टेस्ट ड्राइव्ह मात्र संध्याकाळच्या गर्दीत, एसी लावूनच घ्या.