प्रोब लावला की चालतो

सकाळी ९. शहापूरच्या दुकानाचं शटर वर करतो तोच किन्हवलीकडचा भातव्यापारी उभा. त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पावसाळाभर गाळ्यात पडून होता; आता हळवं भात कापायला आलं आणि काटा चालू होईना. "भाऊ, दिवाळीच्या आत द्या बरं का."

९.३०. दुरुस्तीचा परवाना आहे, म्हणून सील तोडलं. पाच व्होल्ट नीट, रीसेट नीट. राहिला क्रिस्टल, ११.०५९२ मेगाहर्ट्झचा. आकडा विचित्र वाटतो, पण ८०५१ जातीच्या चिपमध्ये त्याला १२, ३२ आणि ३ ने भागत गेलं की बरोबर ९६०० येतात. प्रिंटरशी बोलायचा वेग तोच.

१०.३०. नवा क्रिस्टल टाकला, फरक शून्य. क्वार्ट्झ आपटला की तडकतो, त्यामुळे पहिला आळ त्याच्यावर घ्यायची आमच्या धंद्याची खोडच आहे. मल्टिमीटरला क्रिस्टलचं कंपन दिसत नाही. ऑसिलोस्कोप मुरबाड एमआयडीसीतल्या मित्राकडे.

१२. बोर्ड आणि डिस्प्ले पिशवीत घालून मोटारसायकलवर. सरळगावला चहा.

१.३०. प्रोब चुकून वन-एक्सवर होता. पडद्यावर सपाट रेघ. या सेटिंगला तो स्वतःच शंभरेक पिकोफॅरड लादतो. चांगलं सर्किटही गप्प होतं. टेन-एक्सवर घेऊन क्रिस्टलच्या पायाला टेकवला, आणि काटा जागा! उचलला, तर सगळे अंक विझून एकच भगभगीत पेटलेला. अंक आळीपाळीने पेटतात. चिपचं घड्याळ, म्हणजे क्रिस्टलचं कंपन, थांबलं की ज्याची पाळी तोच जळत राहतो. नाडी बघायला मनगट धरलं की पेशंट उठून बसतो, सोडलं की आडवा. तीनदा करून पाहिलं.

टेन-एक्स प्रोबमध्येही दहा-पंधरा पिकोफॅरड असतातच. बोर्डावर नेमकं तेच कमी पडत होतं. क्रिस्टलच्या दोन पायांपासून ग्राउंडला जाणारे ३३ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर. त्यातल्या एकाचा पाय ओलीने हिरवा पडून चकतीखालीच तुटलेला. सकाळी भिंग लावलं असतं तर पेट्रोल वाचलं असतं.

३. दोन्ही कपॅसिटर बदलले, ओल धरणारा जुना फ्लक्स पुसून काढला. प्रोब बाजूला ठेवला. काटा चालू.

६. शहापूर. बोर्ड बसवला. व्यापारी लगेच काटा टेम्पोत चढवायला निघाला, त्याला थांबवलं. सील तुटलंय. वैध मापन शास्त्र विभागाची फेरपडताळणी होऊन नवा शिक्का बसेपर्यंत या काट्यावर खरेदीचं भात मोजता येणार नाही.