दिवाणखान्यातले लाकूड : उत्तर युरोपचे की कोकणचे?

मुंबई-गोवा महामार्गावरून चिपळूण सोडले आणि परशुरामचा घाट चढून वर आले की लोटे लागते. खेड तालुक्यातील हे गाव आज प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. या कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांसाठी लोटे, खेड आणि चिपळूण परिसरात इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील सदनिकांबरोबर मुंबई-पुण्याची गृहसजावटही इथे आली. या सजावटीत अलीकडे सर्वाधिक मागणी असते ती 'स्कँडिनेव्हियन' म्हणवल्या जाणाऱ्या दिवाणखान्याला. पांढऱ्या भिंती, फिकट रंगाच्या लाकडाचा बुटका सोफा, साधे चौपाई टेबल, जमिनीवर लोकरी गालिचा, कोपऱ्यात एखादे हिरवे झाड आणि बाकी सारी मोकळी जागा. चित्रात हे सारे मोठे देखणे दिसते. प्रश्न उभा राहतो तो पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर. खण अडकू लागतात, पाट्यांच्या कडा फुगतात, कपाटाच्या पाठीवर पांढरी बुरशी चढते आणि पाइनच्या पायाशी वाळवीची मातकट रेघ दिसू लागते. दोष सुताराचा की शैलीचा, असा वाद मग घराघरांत सुरू होतो. खरे तर दोष बहुतेक वेळा दोघांचाही नसतो. तो असतो शैलीचे रूप घेऊन तिचे तत्त्व मागे ठेवण्याच्या आपल्या घाईचा.

शैलीमागचा विचार

स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे आणि त्यांच्या जोडीला फिनलंड या देशांतील गृहरचनेचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. स्वीडिश लेखिका एलेन के यांनी १८९९ मध्ये 'सर्वांसाठी सौंदर्य' हा विचार मांडला. त्याच वर्षी चित्रकार कार्ल लार्सन यांनी आपल्या सुंडबोर्न येथील घराची जलरंगातील चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि साधे, उजळ, मुलाबाळांनी भरलेले घर हा तेथील मध्यमवर्गाचा आदर्श बनला. १९१९ मध्ये ग्रेगोर पाउल्सन यांनी रोजच्या वापरातील वस्तू अधिक सुंदर असाव्यात, असा आग्रह धरला. सौंदर्य ही श्रीमंतांची मिरास नाही, ते सामान्यांच्या स्वयंपाकघरात आणि बैठकीतही असले पाहिजे, हा या साऱ्यांचा गाभा होता.

या विचाराला लाकडाची जोड मिळाली ती तेथील निसर्गामुळे. स्वीडन आणि फिनलंड हे जंगलांचे देश. पाइन, स्प्रूस आणि बर्च ही झाडे दाराशीच. फिनलंडचे वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांनी पाइमिओ येथील क्षयरोग रुग्णालयासाठी १९३१-३२ च्या सुमारास जी खुर्ची घडवली, ती बर्चचे पातळ थर वाकवून. त्या काळी पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची चलती होती. पण स्पर्शाला थंड असणाऱ्या धातूपेक्षा लाकूड माणसाला जवळचे वाटते, ही आल्टो यांची धारणा होती. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनी १९४९ मध्ये रेखाटलेली, पाठीशी इंग्रजी 'वाय' अक्षराचा आकार असलेली खुर्ची आजही तयार होते. १९४३ मध्ये इंग्वार काम्प्राद यांनी स्थापन केलेल्या आयकियाने हीच साधी रचना सुटे भाग जोडण्याच्या स्वरूपात जगभर नेली. भारतात तिचे पहिले दालन २०१८ मध्ये हैदराबादेत आणि दुसरे २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत सुरू झाले.

फिकट रंगामागेही भौगोलिक कारण आहे. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास असतो. क्षितिजालगतचा तो क्षीण प्रकाश घरभर खेळवायचा, तर भिंती पांढऱ्या आणि लाकूड फिकट हवे. लोट्याला मात्र ऐन डिसेंबरातही अकरा तासांचा दिवस मिळतो आणि उन्हाळ्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. म्हणजे उत्तरेकडील माणसाने जो उपाय अंधारावर योजला, तो आपण प्रखर उन्हात जसाच्या तसा वापरला तर डोळे दिपण्याखेरीज काही साधत नाही. कोकणात त्या फिकट रंगाची खरी गरज भासते ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आभाळ झाकोळून येते आणि दुपारीही दिवा लावावा लागतो तेव्हा.

लाकूड हवेतील ओल पिते

लाकूड तोडल्यावरही निर्जीव होत नाही, असे जुने सुतार म्हणत. त्याचा शास्त्रीय अर्थ असा, की लाकूड सभोवतालच्या हवेतील ओलाव्याशी सतत देवाणघेवाण करीत असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता ५० टक्के झाली की तो ९ टक्क्यांवर जातो. ८० टक्क्यांना साधारण १६ आणि ९० टक्क्यांना २० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. युरोपातील हिवाळ्यात शेगडीने तापवलेल्या खोलीची हवा कोरडी असते. त्या हवेसाठी सुकवलेले लाकूड ८ टक्क्यांच्या जवळपास असते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवा जवळजवळ ओलीचिंब असते. तेच लाकूड इथे आले, की पावसाळ्यात १८ टक्क्यांपर्यंत पाणी पिते.

ओलावा वाढला की लाकूड फुगते. पण ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढते ते रुंदीत. ३० सेंटिमीटर रुंदीची बीच लाकडाची फळी ८ टक्क्यांवरून १८ टक्के ओलाव्यावर गेली, तर तिची रुंदी सुमारे १२ मिलिमीटरने वाढू शकते. तितक्याच रुंदीची सागाची फळी याच्या निम्म्यानेच, म्हणजे ५ ते ६ मिलिमीटरने वाढते. कोकणातील दारे-खिडक्यांसाठी साग का निवडला जाई, याचे हे एक सरळ कारण. दुसरे कारण असे, की लाकडातील ओलावा २० टक्क्यांपलीकडे गेला की त्यावर कुजविणारी बुरशी वाढू लागते. सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक तेल तिला आणि वाळवीला दाद देत नाही. पाइन आणि बर्च यांच्यात असा बचाव नसतो. थंड प्रदेशातील कोरड्या खोलीत त्यांना त्याची गरजही नसते.

लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या पाट्यांची गत याहून वाईट. त्या एकदा भिजल्या की फुगतात आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्यानंतरच्या दिवसांत अनेकांना हा धडा मिळाला. लोटे उंचावर असले तरी हवेतील ओल घाट चढून येतेच. संथ गतीने का होईना, परिणाम तोच.

कोकणची स्वतःची लाकडे

मग आपण काय वापरावे? याचे उत्तर स्कँडिनेव्हियन विचारातच आहे. तेथील कारागिरांनी बर्च निवडला तो मोठ्या हौसेने नव्हे, तर ते झाड दाराशी होते म्हणून. आपल्या दाराशी काय आहे, हे पाहिले तर पहिले नाव फणसाचे घ्यावे लागेल. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळेधमक असते आणि काळाबरोबर तांबूस तपकिरी होत जाते. ते टिकाऊ असून त्यावर झिलई सुरेख चढते. दक्षिणेत वीणा आणि मृदंग त्यापासून घडतात. फिकट, उबदार रंगाचा दिवाणखाना ज्याला हवा आहे, त्याने पाइनऐवजी फणस पाहावा. शिवण हे आणखी एक फिकट, हलके आणि कमी हलणारे लाकूड. ऐन आणि किंजळ ही जड व मजबूत लाकडे पूर्वी तुळया-वाशांसाठी वापरली जात; आज ती मोठ्या प्रमाणावर सरपण म्हणून विकली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि देखणे खरे, पण त्याला भुंगा लवकर लागतो. ते वापरायचे तर आधी टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घ्यावे.

साधेपणाही आपल्याला परका नाही. जुन्या कोकणी घराची ओटी आठवून पाहावी. पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीलगत एक बाक, वर खुंट्या, भिंतीत कोनाडा आणि बाजूला एखादी घडवंची, एवढ्यावर सारे भागे. प्रत्येक वस्तू कामाची आणि प्रत्येक वस्तूला फिरायला हवा. दाराची रचना तर पाहण्यासारखी असे. जाड चौकटीच्या खाचेत मधला फळा न चिकटवता सैल बसवलेला असे, म्हणजे पावसात तो फुगला तरी चौकट फुटत नसे आणि उन्हाळ्यात आकसला तरी फट पडत नसे. ओलाव्याची टक्केवारी कुणी मोजली नव्हती. पण तिचे गणित सुताराच्या हातात होते.

प्रत्यक्ष रचना करताना

लोट्यासारख्या ठिकाणी साधारण बारा फूट बाय पंधरा फुटांचा दिवाणखाना सजवायचा असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भिंती पांढऱ्याशुभ्र करण्याऐवजी दुधी किंवा मातकट पांढऱ्या कराव्यात. पावसाळ्यातील अंधार त्या उजळतात आणि उन्हाळ्यात डोळ्यांना त्रास देत नाहीत. सोफ्याचा सांगाडा साग किंवा फणसाचा घ्यावा आणि बैठक वेताने विणून वर सुटी गादी ठेवावी. वेतातून हवा खेळते आणि गादी उन्हात टाकता येते. लोकरी गालिचा पावसाळ्यात ओल धरतो व त्याला कुबट वास येतो. त्याऐवजी सुती सतरंजी किंवा चटई बरी.

लाकूड विकत घेतल्यावर लगेच काम सुरू करू नये. कापलेल्या फळ्या, मध्ये काठ्या घालून, घरातच काही आठवडे रचून ठेवाव्यात आणि शक्यतो हिवाळ्यानंतर काम काढावे. खण आणि दारे उन्हाळ्यात बसवताना थोडी जागा मुद्दाम सोडावी. सांधे खिळ्यांऐवजी खाचेत कुसू बसवून करावेत. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवावे आणि त्याच्या पाठीला हवा जाण्यासाठी भोके ठेवावीत. पाय थेट फरशीवर न टेकवता त्यांखाली पितळेच्या किंवा रबराच्या टोप्या घालाव्यात. जिथे प्लायवूड अपरिहार्य आहे, तिथे भारतीय मानक ७१० चे, म्हणजे सागरी वापराच्या दर्जाचे, घ्यावे.

लाकडाला लावायच्या लेपाबाबतही विचार हवा. डेन्मार्कमध्ये ओक व बीचचे लाकूड साबणाच्या पाण्याने पुसून त्याचा फिकट रंग टिकवतात. आपल्या हवेत असे उघडे लाकूड डागाळते. लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर, पण दमट हवेत ते पांढुरके पडते. त्यामुळे मंद चमकेचे पॉलियुरेथेन आणि तेही सहा बाजूंनी, म्हणजे न दिसणाऱ्या पाठीला आणि तळालाही लावणे श्रेयस्कर. एकाच बाजूने ओल पिणारी फळी वाकते, हे विसरता कामा नये. घराच्या वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची कोकणातील जुनी पद्धत वाळवीविरुद्ध गुणकारी आहे. मात्र ते तेल काळपट असते व त्वचेला दाह करते, म्हणून ते झाकल्या जाणाऱ्या भागांपुरतेच आणि हातमोजे घालून वापरावे.

लाकूड येते कुठून?

'नैसर्गिक लाकूड' हा शब्द कानाला गोड लागतो. पण प्रत्येक फळीमागे एक झाड उभे असते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर यांसारखी झाडे तोडण्यासाठी, ती स्वतःच्या जमिनीत असली तरी, परवानगी लागते. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अत्यल्प आणि झाडे बहुतांशी खासगी मालकीची. त्यामुळे इथले जंगल राहणार की जाणार, हे बऱ्याच अंशी जमीनमालक आणि लाकूड विकत घेणारे आपण यांच्यावर अवलंबून आहे. लाकूड घेताना तोडीच्या व वाहतुकीच्या परवान्याची विचारणा करणे हे ग्राहकाचे पहिले कर्तव्य ठरते.

यावर एक चांगला मार्ग आहे तो जुन्या लाकडाचा. खेड, चिपळूण, दापोलीकडे जुनी चौसोपी आणि कौलारू घरे पाडली जात आहेत. त्यांचे खांब, तुळया, दारे मातीमोल भावाने जातात आणि त्यांतील काही पुढे शहरांतील जुन्या फर्निचरच्या दुकानांत चढ्या किमतीला विकली जातात. ऐंशी-शंभर वर्षे कोकणातील पावसाळे सोसलेल्या या लाकडाला आता फारसे हलायचे उरलेले नसते. खिळे काढून, किडलेला भाग छाटून त्यातून टेबल, बाक, पुस्तकांची फडताळे उत्तम होतात. एक झाडही न तोडता दिवाणखाना लाकडाने सजतो आणि आजोळच्या घराची तुळई नातवंडांच्या अभ्यासाचे टेबल होऊन घरात राहते.

उत्तर युरोपाने जगाला जे शिकवले, ते पाइनचा रंग नव्हे. आपल्या हवेला मानवेल, आपल्या रानात मिळेल आणि सामान्य माणसाला परवडेल अशा लाकडातून रोजच्या वापराची सुंदर वस्तू घडवावी, हे त्यांचे सांगणे. लोट्यातील एखाद्या सदनिकेत फणसाचा बाक, वेताची बैठक, दुधी भिंत आणि छताला टांगलेला झोपाळा असला, तर तो दिवाणखाना कोणत्याही परदेशी छायाचित्राशी हुबेहूब जुळणार नाही. पण जुलैच्या मुसळधार पावसात त्याचे खण अडकणार नाहीत आणि दहा वर्षांनी तो अधिक देखणा दिसेल.