रक्तातले ३० मिलिग्रॅम

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड जास्तीत जास्त दोन हजार होता. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास चालकाला सोडावे लागते. ही मुदत महत्त्वाची आहे, कारण रक्तातील अल्कोहोल तासागणिक घटते आणि उशीर थेट आरोपीच्या पथ्यावर पडतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली.

देशात २०२२ मध्ये १ लाख ६८ हजारांवर माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण आहे. मद्यपानाचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के दिसतो. हा आकडा विश्वासार्ह मानणे कठीण आहे. वेग आणि नशा अनेकदा एकत्र असतात, पण नोंद एकाच कारणाखाली होते. आणि रक्त वेळेत तपासलेच नाही, तर नशा कागदावर येतच नाही.