कान बोलतो तेव्हा

तुळजापुरात नवरात्रात संबळाचा कडकडाट झाला, की झोळीतले तान्हे बाळ दचकते. एखादे मात्र दचकत नाही. "किती शांत बाळ आहे हो!" असे त्याचे कौतुक होते. वर्ष उलटते, दीड वर्ष होते, तरी बोबडे बोल येत नाहीत. मग आजी समजूत घालते, "याचा मामाही उशिराच बोलला होता." धाराशिव जिल्ह्यातच कशाला, महाराष्ट्रात कुठेही हे वाक्य कानी पडते. पण या समजुतीत मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

कानाच्या पडद्यावर आलेला ध्वनी तीन इवल्या हाडांमार्फत गोगलगाईच्या शंखासारख्या एका वळणदार नळीत पोहोचतो. तिच्यातील द्रवात लाट उठते. मृतांच्या कानांत ही लाट निरखणाऱ्या बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाटेचे विजेच्या संदेशात रूपांतर करतात त्या तेथील केसाळ पेशी. एका कानात त्या सुमारे १५ हजार असतात. एकदा नष्ट झाल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

यातल्या काही पेशी नुसत्या ऐकत नाहीत, स्वतः थरथरून लाटेला जोरही देतात. त्यामुळे निरोगी कानातून अतिशय क्षीण आवाज बाहेर पडतो! डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये तो टिपला. त्यातूनच नवजात बाळाची तपासणी निघाली. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक टकटक ऐकवतात आणि कानाचे उत्तर यंत्र टिपते. सुई नाही, भूल नाही, काही मिनिटांचे काम. उत्तर आले नाही म्हणजे बाळ बहिरेच, असे नव्हे. कानात मळ वा द्रव असला तरी तसे होते. म्हणून तपासणी पुन्हा करतात आणि गरज भासल्यास 'बेरा' चाचणीने संदेश मेंदूकडे जातो का, ते पाहतात.

अशा वेळी घरात दोष बहुधा आईच्या माथी येतो. ग्रहण पाळले नाही, अमुक खाल्ले! वस्तुतः जन्मजात बहिरेपणाचे एक मोठे कारण आनुवंशिक आहे. १९९७ साली 'कनेक्सिन २६' या जनुकाचा त्याच्याशी संबंध उघड झाला. आईबाप दोघांना उत्तम ऐकू येत असले, तरी दोघांकडे तोच सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यामागे बहिरेपणाची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या रिवाजात अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व उपचार, असे तज्ज्ञ सांगतात. कारण मेंदू भाषा शिकतो तो याच कोवळ्या वयात. यंत्राने भागले नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया असते. त्यासाठी केंद्र सरकारची मदत मुंबईत १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेमार्फत मिळते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे.

घरी टाळी वाजवून केलेली परीक्षा फसवी असते. हाताची हालचाल दिसली तरी बाळ वळते. तेव्हा पहिल्या लसीकरणाच्या वेळीच डॉक्टरांना विचारावे : "याचे कान तपासले का?"